थाई जेवण आणि सुशी एकाच टेबलावर: घरच्यांना घेऊन जाताना तयारी आणि क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातली कुटुंबे पणजीला, पुण्याला किंवा बंगळूरला गेली की हल्ली थाई उपाहारगृहात जेवायला जातात, आणि अशा पुष्कळ ठिकाणी एका कडेला सुशीचे (भाताबरोबर मासा, पुष्कळदा कच्चा, किंवा भाजी असा जपानी पदार्थ) काउंटरही असते. जेवण महाग असते, मेनूतले शब्द अनोळखी असतात, आणि वेटर वही घेऊन उभा राहिला की घाईने सगळे एकदम मागवले जाते. मग सुशी करीच्या वाडग्याशेजारी वाळत पडते, लहान मुलांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि घरातल्या शाकाहारी माणसाच्या ताटात नकळत मासळी येते. यांपैकी बहुतेक चुकांचे मूळ घरून निघण्याआधीच्या तयारीत असते, म्हणून या लेखाचा निम्मा भाग त्या तयारीवरच खर्च केला आहे.

एक गोष्ट आधी पक्की करावी. अशा ठिकाणी दोन स्वयंपाकघरे असतात आणि त्यांची शिस्त परस्परांहून निराळी असते. सुशी थोडी थोडी, हाताखालून निघेल तशी खायची असते. थाई जेवण मात्र सगळे पदार्थ मध्ये ठेवून, भाताबरोबर, सर्वांनी वाटून खायचे असते. या दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की दोन्ही जेवणे बिघडतात.

१. निघण्याआधी: कोण काय खात नाही याची यादी

कोण येणार आहे ते ठरले की प्रत्येकाच्या नावापुढे तो काय खात नाही ते कागदावर लिहावे. "आमच्यात दोघे व्हेज आहेत" एवढे पुरत नाही. अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाणे किंवा तीळ सोसतात का, कोळंबी-खेकडा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते का, हे वेगवेगळे लिहावे. शेंगदाणे तर थाई जेवणात अनेक ठिकाणी येतात: पॅड थाई या परतलेल्या नूडल्सवर, कच्च्या पपईच्या सोम तम या सॅलडवर आणि मसामन करीत. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी ही यादी आणखी लांबते.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयोवृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्या नावापुढे "कच्चा मासा नाही" असे स्पष्ट लिहावे. त्यांनी सुशी अजिबात खाऊ नये असा याचा अर्थ नाही. उकडलेल्या कोळंबीची, शिजवलेल्या वामीची किंवा नुसत्या भाज्यांची सुशी त्यांना देता येते.

निपाणी-चिकोडीकडच्या जैन कुटुंबांसाठी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. जी मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत त्यांना रात्रीचे टेबल निरुपयोगी आहे, म्हणून दुपारचे जेवण ठरवावे. दुसरे असे की थाई करीच्या वाटणात लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळे आणि आल्याच्या जातीचा गलांगल नावाचा कंद हे सगळे एकत्र कुटलेले असते, आणि त्यातून एखादी वस्तू मागाहून वगळता येत नाही. कंदमुळे न खाणाऱ्यांनी करीचा विचार सोडून काकडीची किंवा ॲव्होकाडोची सुशी, साधा वाफवलेला भात आणि आंब्याबरोबरचा चिकट भात यांवर भर द्यावा. सुशीबरोबर येणारे लोणच्याचे आले आणि वसाबी हा झणझणीत हिरवा गोळा हेही त्यांना चालत नाही, तेव्हा ते ताटलीत ठेवूच नका असे आधी सांगावे.

एकादशीला भात चालत नाही, आणि या दोन्ही जेवणांचा पाया भातच आहे. त्या दिवशीचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकलावा.

तपासणी: यादीत प्रत्येक माणसापुढे काहीतरी लिहिलेले आहे का? ज्याच्यापुढे "सगळे चालते" असे आहे त्यालाही कच्च्या माशाबद्दल वेगळे विचारले आहे का?

२. फोन करताना: "व्हेज आहे का?" असे विचारू नये

सर्वांत जास्त चूक याच टप्प्यावर होते, आणि ती आमच्या घरात झाली म्हणून मी इथे थोडी थांबते. माझी आत्या जन्मभर शाकाहारी. एका ठिकाणी मेनूवर हिरवा ठिपका पाहून आम्ही तिच्यासाठी भाज्यांची हिरवी करी मागवली. दोन घास झाल्यावर तिने चमचा थांबवला आणि विचारले, "अगं, ह्याला मासळीचा वास का येतोय?" वेटरला बोलावले. त्याने आत जाऊन विचारले आणि खरे ते सांगितले: भाज्या सगळ्या आहेत, पण वाटण डब्यातले आहे आणि त्यात कोळंबी असते. आत्या कोणालाही काही बोलली नाही. तिने चमचा ताटाच्या कडेला ठेवला, पाण्याने तोंड धुऊन आली आणि आमचे जेवण होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. ती चूक माझी होती, कारण फोन मी केला होता आणि एकच प्रश्न विचारला होता.

म्हणून वस्तूंची नावे घेऊन विचारावे. बोलणे हिंदीत होवो वा इंग्रजीत, पुढच्या वस्तू एकेक करून विचाराव्यात.

फिश सॉस. छोटे मासे मिठात महिनोन्महिने आंबवून काढलेले हे पाणी थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी वापरतात. ते जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते. त्याऐवजी सोया सॉस घालून देता येईल का, असे विचारावे.

कोळंबीची पेस्ट. आपल्याकडच्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून ही करतात. ती लाल आणि हिरव्या करीच्या वाटणातच असते. वाटण तिथे कुटतात की डब्यातले वापरतात, आणि शाकाहारींसाठी वेगळे वाटण आहे का, हे विचारल्याशिवाय करी मागवू नये.

ऑयस्टर सॉस. परतलेल्या भाज्यांत हा कालवांचा सॉस हमखास असतो. मशरूमपासून केलेला शाकाहारी प्रकार मिळतो. तो त्यांच्याकडे आहे का ते पाहावे.

सोडे. सोम तममध्ये आणि पॅड थाईमध्ये सुकी कोळंबी पडते. सोम तम उखळात कुटून करतात, त्यामुळे शाकाहारींसाठी उखळ धुऊन घ्यायला सांगणे भाग आहे.

दाशी. हे जपानी जेवणातले मूळ पाणी आहे. ते समुद्री शेवाळ आणि कुप्याच्या जातीच्या माशाचे वाळवून, धूर देऊन केलेले तुकडे यांपासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घालून केलेल्या सूपमध्ये ते असते, आणि भोपळ्याच्या पट्ट्या, शिटाके मशरूम किंवा तळलेल्या टोफूच्या पिशव्या ज्या रसात शिजवतात त्यातही पुष्कळदा असते. मिसो सूपमध्ये नुसते टोफूचे तुकडे दिसतात म्हणून ते शाकाहारी समजणे चूक आहे.

याशिवाय सूपचे पाणी कोंबडीचे आहे का, टेंपुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा मासळी) तळण्याचे तेल मासळीला वापरतात का, आणि भाजीच्या सुशीसाठी सुरी-पाट वेगळे घेतील का, हे तीन प्रश्न उरतात. "व्हेगन" हा शब्द वापरला तर अंडे, फिश सॉस आणि कोळंबी हे सगळे एकदम वगळले जाते, म्हणून तो "व्हेज"पेक्षा जास्त उपयोगी पडतो. आचारी थाई असेल तर त्याला "जे" हा शब्द सांगावा. त्यांच्याकडे कडक शाकाहाराला तोच शब्द आहे, आणि त्यात लसूण-कांदाही वर्ज्य असतो.

इशारा: फोनवर "सगळे करून देऊ" असे उत्तर आले तरी ज्याने ते दिले त्याचे नाव विचारून ठेवावे, आणि टेबलावर बसल्यावर हेच प्रश्न पुन्हा विचारावेत. फोन घेणारा आणि करी ढवळणारा हे दोघे वेगळे असतात.

३. मासा ताजा आहे, एवढ्यावर समाधान मानू नये

कारवार-गोव्याची मासळी खाणाऱ्या आपल्या लोकांचा ताजेपणावर मोठा विश्वास आहे, आणि शिजवून खाण्याच्या मासळीपुरता तो रास्तही आहे. कच्च्या माशाला मात्र दुसरा नियम लागतो. समुद्री माशांत सूक्ष्म कृमी असू शकतात आणि त्या ताजेपणाने मरत नाहीत. त्या अतिथंडीने मरतात. कच्चा खाण्याचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा, असा अमेरिकेच्या अन्न-प्रशासनाचा दंडक आहे. म्हणून काउंटरवर "मासा आज आणला का?" याऐवजी "कच्चा खाण्यासाठी डीप-फ्रीझ केलेला आहे का?" असे विचारावे. जाणता शेफ या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो.

साल्मन हा थंड समुद्रातला मासा असून तो आपल्याकडे बाहेरून येतो. रावसाला इंग्रजीत "इंडियन साल्मन" म्हणतात खरे, पण तो वेगळा मासा आहे. बाजारातून रावस आणून घरी कच्ची सुशी करून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

४. टेबल आणि वेळ

सुशीच्या काउंटरवर जागा मोजक्याच असतात. चारपेक्षा जास्त माणसे असतील तर टेबलच घ्यावे, पण ते काउंटरजवळचे मागावे, म्हणजे तयार झालेली सुशी लांबून फिरत येत नाही. गर्दी होण्याआधी, म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमारास गेल्यास शेफला बोलायला सवड असते. गोव्याहून चोर्ला घाटाने त्याच रात्री परतायचे असेल तर दुपारचेच जेवण ठरवावे. पावसाळ्यात घाटात धुके असते आणि भरल्या पोटी तो रस्ता सोपा जात नाही.

५. मेनू वाचणे

सुशी या शब्दाचा संबंध माशापेक्षा भाताशी आहे. तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात म्हणजे सुशीचा पाया. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप आले तर ते साशिमी. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप बसवला तर निगिरी. शेवाळाच्या पातळ पत्रात भात आणि सारण गुंडाळून कापले तर माकी. त्यातला भात बाहेरच्या बाजूला असेल तर उरामाकी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे शब्द उपयोगी पडतील: एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, उनागी म्हणजे भाजलेली वाम, तामागो म्हणजे अंड्याचे गोडसर ऑम्लेट, काप्पा माकी म्हणजे काकडीची सुशी. पहिल्या तिन्ही वस्तू शिजवलेल्या असतात. खेकड्याच्या नावाने येणारी लाल-पांढरी कांडी बहुधा पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, आणि उरामाकीवरचे नारिंगी दाणे माशाची अंडी असतात. भाजीच्या रोलवरही ते कधी कधी शोभेसाठी टाकलेले दिसतात, म्हणून शाकाहारींनी ते नकोत असे सांगावे.

थाई बाजूला रंगावरून तिखटाचा अंदाज बांधू नये. ब्याडगी मिरची लाल भडक रंग देते आणि बेताचीच तिखट असते, तर संकेश्वरीचा ठसका खरा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिकडे हिरवी करी दिसायला शांत असली तरी ती ताज्या हिरव्या मिरच्यांची असते आणि पुष्कळदा लाल करीहून तिखट लागते. मसामन करी सर्वांत सौम्य असते. तिच्यात दालचिनी, वेलची, लवंग आणि बटाटा असतो, त्यामुळे आज्जी-आजोबांना ती ओळखीची वाटते.

६. मागवण्याचा क्रम

एकदम सगळे मागवू नये. वेटरला बसल्याबरोबर सांगावे, "आधी सुशी आणा. ती संपली की थाई जेवण सांगतो." हे वाक्य या लेखातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. तिखट, गवती चहा आणि नारळाचे दूध यांनी एकदा जीभ व्यापली की माशाची आणि भाताची नाजूक चव कळत नाही.

निगिरीच्या एका ताटलीत बहुधा २ तुकडे येतात; रोलचे ६ किंवा ८. सहा माणसांसाठी दोन रोल आणि निगिरीच्या तीन ताटल्या पुरेत. पोट सुशीने भरायचे नाही. सुशीतही आधी पांढरे, हलके मासे, मग साल्मन आणि कुपा, आणि शेवटी वाम किंवा मेयोनेजचे जड रोल असा क्रम ठेवावा.

सुशी संपत आली की थाई पदार्थ सांगावेत. सहा जणांना एक सूप, एक करी, एक परतलेला पदार्थ, एक सॅलड आणि भरपूर जस्मिन भात एवढे योग्य होते. दोन करी घेण्याचा मोह टाळावा, कारण दोन्हींत नारळाचे दूध असते आणि जेवण एकसुरी होते. शाकाहारींची करी वेगळ्या वाडग्यात, वेगळ्या वाढण्यासह मागवावी. एकाच चमच्याने दोन्ही वाडगे फिरले तर फोनवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

तपासणी: पदार्थ आल्यावर वेटरने प्रत्येकाचे नाव मोठ्याने घ्यावे असे सांगावे, आणि शाकाहारी वाडगा ज्याचा आहे त्याच्यासमोर स्वतः ठेवावा.

७. सुशी खाणे

अ) सुशी आली की लगेच खावी. भात अंगाच्या तापमानाच्या आसपास असतो आणि शेवाळाचा पत्रा कुरकुरीत असतो. काही मिनिटांत पत्रा ओलसर होतो आणि चामड्यासारखा ताणतो. फोटो काढायचा तर एकच काढावा.

आ) चॉपस्टिक जमत नसेल तर हाताने खावे. निगिरी हाताने खाणे ही जपानमधलीही रूढ पद्धत आहे. चॉपस्टिक वापरायची असल्यास खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट टेकवून स्थिर ठेवावी आणि वरची पेनासारखी धरून तेवढीच हलवावी. काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये. जपानी लोकांत या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी निगडित आहेत.

इ) निगिरी किंचित उलटून माशाची कड सोया सॉसला जेमतेम लावावी. भात बुडवला की तो सॉस शोषून घेतो, खारट होतो आणि बशीत फुटतो.

ई) वसाबी म्हणजे चटणी नव्हे. माझ्या धाकट्या भावाने ताटलीच्या कोपऱ्यातला तो हिरवा गोळा पाहिला, "हिरवी चटणी आहे की," म्हणत बोटाने अर्धा उचलला आणि तोंडात टाकला. क्षणभर काही झाले नाही. मग त्याने एकदम टेबलाची कड धरली, डोळे मिटले, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळू लागले. फेसलेल्या मोहरीचा झणका जसा नाकातून डोक्यात चढतो तसाच हा झणका आहे, कारण दोन्हींतले झोंबणारे द्रव्य एकच आहे. तो मिनिटभरात ओसरतो. तोवर तोंडाने सावकाश श्वास सोडत राहावे. खाताना मुगाच्या दाण्याएवढा वसाबी माशावर लावणे पुरेसे आहे. निगिरीत भात आणि मासा यांच्यामध्ये तो आधीच लावलेला असू शकतो, म्हणून मुलांची निगिरी "वसाबीशिवाय" अशी सांगावी.

उ) एक तुकडा एका घासात खावा. गुलाबी लोणच्याचे आले सुशीवर ठेवायचे नसते. दोन वेगळ्या माशांच्या मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी त्याचा एक काप खायचा असतो.

८. थाई जेवण

चॉपस्टिक आता बाजूला ठेवाव्यात. थाई माणसे भाताचे जेवण चमच्याने जेवतात: उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने घास चमच्यावर ढकलायचा. काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिकचा उपयोग ते मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी करतात.

आधी ताटात भात घ्यावा. मग मधल्या एका वाडग्यातून दोन चमचे पदार्थ भाताच्या कडेला घ्यावा, तो संपवावा आणि मग दुसऱ्याकडे वळावे. आमटीसारखी करी भातावर ओतून सगळे कालवण्याची आपली सवय इथे सोडावी, कारण प्रत्येक पदार्थात आंबट, गोड, खारट आणि तिखट यांचा तोल वेगळा साधलेला असतो.

सूपमध्ये तरंगणारे गवती चहाचे दांडे, गलांगलच्या चकत्या आणि लिंबाची जाड पाने स्वादापुरती असतात. कढीतला कढीपत्ता आपण जसा बाजूला काढतो तशीच ती काढावीत. बारीक अख्ख्या मिरच्या दिसल्या तर मुलांच्या वाटीतून आधी वेचून काढाव्यात.

इशारा: तोंड भाजले तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. साधा भात, नारळाचे दूध किंवा दूध-दही घ्यावे.

आंब्याच्या दिवसांत गेलात तर शेवटी नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा अवश्य घ्यावा. तो शाकाहारींना चालेल ना, हे मात्र वेटरला एकदा विचारून घ्यावे.

९. बिल आणि पार्सल

बिलावर उपाहारगृहाचा १४ अंकी अन्न-परवाना क्रमांक छापलेला असावा लागतो, तो पाहावा. वस्तू आणि सेवा कर साध्या उपाहारगृहात ५ टक्के असतो, महागड्या निवासी हॉटेलातल्या उपाहारगृहात १८ टक्के असू शकतो. सेवा शुल्क मात्र कर नाही. ते आपोआप बिलात धरू नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते कायम केले. सेवा आवडली तर आपल्या मर्जीने द्यावे. नको असेल तर काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

उरलेली कच्च्या माशाची सुशी बांधून घेऊ नये. पणजीहून बेळगावपर्यंतच्या प्रवासात ती गाडीत तापते, आणि घरी येऊन फ्रिजमध्ये ठेवल्याने पुन्हा सुरक्षित होत नाही. नारळाच्या दुधाची करीही उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिली, किंवा उन्हाळ्यात एक तासापेक्षा जास्त राहिली, तर टाकून द्यावी. बांधून न्यायचेच असेल तर बर्फाची पेटी सोबत ठेवावी, शाकाहारी डब्यावर पेनाने नाव लिहावे, आणि तो डबा दुसऱ्या पिशवीत ठेवावा.